पेशींसाठी चांगला ताण म्हणजे नेमका किती?

पहाटवारा: रोज पहाटे जोरात धावतो, १६ तास उपास करतो, मग थंड पाण्याने आंघोळ. यामुळे पेशी कणखर होतात असं वाचलं होतं. पण झोप ५ तासांवर आलीये, उठल्याउठल्या नाडी पूर्वीपेक्षा जलद लागते आणि दुपारी डोकं चालत नाही. ताण कमी पडतोय की जास्त होतोय?

शरीरक्रिया_मॅडम: जास्त होतोय. मी हा विषय शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

धावताना स्नायूंच्या पेशींत ऊर्जा कमी पडते, एएमपीके नावाचं विकर जागं होतं आणि नवीन मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं, तयार करा असा निरोप जातो. निरोपच फक्त! घडण नंतर होते, पोटात अन्न आणि अंगाला झोप मिळाल्यावर. जड व्यायामानंतर स्नायूंत प्रथिनं तयार होण्याचा वाढलेला वेग २४ तासांहून जास्त टिकतो. तेवढ्यात तुम्ही पुढचा निरोप धाडता.

उपासाचं म्हणाल, तर पेशी आपलेच मोडके भाग पचवून पुन्हा वापरतात ती ऑटोफॅजी. तिच्यावरच्या संशोधनासाठी योशिनोरी ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं, पण ते मूळ काम यीस्टवरचं. माणसाने किती तास उपाशी राहावं, हे त्यातून ठरत नाही. १६ हा आकडा डोक्यातून काढा.

आधी झोप किमान ७ तासांवर न्या. जोरात धावणं आठवड्यातून दोनदाच, मध्ये मोकळे दिवस ठेवून. एरवी बोलता बोलता चालता येईल इतकाच वेग. तरी नाडी उतरली नाही तर डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्याच. सगळं ताणावर ढकलू नका.

निळी_सायकल: मॅडम, व्यायामानंतर क जीवनसत्त्वाची गोळी घेतली तर पेशी लवकर सावरतात ना?

शरीरक्रिया_मॅडम: ताई, उलट होऊ शकतं. २००९ च्या एका प्रयोगात व्यायामासोबत क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्यांमध्ये इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारलाच नाही. गोळ्या न घेणाऱ्यांमध्ये सुधारला. व्यायामात तयार होणारे ऑक्सिडंट, म्हणजे पेशीला ताण देणारे क्रियाशील रेणू, थोड्या प्रमाणात हवेच असतात, त्यांच्यामुळेच पेशी स्वतःचं संरक्षण वाढवते. ही जीवनसत्त्वं त्यांनाच निष्प्रभ करतात. डॉक्टरांनी कमतरतेसाठी दिली असेल तर मात्र बंद करू नका.

पहाटवारा: आणि थंड पाणी?

शरीरक्रिया_मॅडम: आवडत असेल तर करा. फक्त वजनं उचलल्यावर लगेच गार पाण्यात बसू नका, त्याने स्नायूंची वाढ कमी होते असं २०१५ च्या अभ्यासात दिसलंय. पण तुमच्या बाबतीत पहिला प्रश्न झोपेचा आहे. रात्री किती वाजता आडवे होता, ते लिहा.