फायब्रॉइडची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया: छेद छोटा, म्हणून धोकाही छोटा?

धागाकर्ती:
गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या गर्भाशयातील फायब्रॉइड, म्हणजे स्नायूची साधी गाठ, दुर्बिणीतून काढायचे ठरले. आदल्या रात्री सहीसाठी आलेल्या संमतीपत्रावर शस्त्रक्रियेचे नाव पेनाने लिहिले होते. पण मोसंबीएवढी गाठ बोटभर छेदातून बाहेर कशी येणार, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हते. अनेकदा ती मॉर्सेलेटर नावाच्या यंत्राच्या फिरत्या पात्याने तुकडे करून काढतात. गाठीत सार्कोमा हा कर्करोग दडलेला असेल, तर ते कण पोटात विखुरतात, आणि शस्त्रक्रियेआधी तो खात्रीने ओळखणारी तपासणी नाही. बोस्टनच्या भूलतज्ज्ञ डॉ. एमी रीड यांच्या बाबतीत 2013 मध्ये हेच घडले व 2017 मध्ये त्यांचे निधन झाले. या यंत्राविरुद्धच्या त्यांच्या लढ्यानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल 2014 मध्ये इशारा दिला, की फायब्रॉइडसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे 350 स्त्रियांमागे एकीला असा न कळलेला सार्कोमा असू शकतो. पात्याचा उल्लेख नसलेल्या कागदावरची सही मी संमती मानत नाही.

प्रतिसाद 1 (स्त्रीरोगतज्ज्ञ):
ताई, तुमची काळजी रास्त आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. तो अंदाज अनेक तज्ज्ञांना फार चढा वाटतो, शिवाय तिशीतल्या स्त्रीचा आणि पाळी गेलेल्या स्त्रीचा धोका सारखा नसतो. अशा आकड्यांनी घाबरून स्त्रिया पोट उघडून शस्त्रक्रिया मागतात, आणि त्यातला जास्तीचा रक्तस्राव, जखमेतला जंतुसंसर्ग, पायातल्या शिरेत होऊन फुप्फुसात जाऊ शकणारी गुठळी हे धोके कोणी मोजत नाही. मला अधिक चिंता वाटते ती शिवणीची. गाठ काढल्यावर गर्भाशयाच्या भिंतीचे थर दुर्बिणीतून नीट शिवणे हे कसबाचे काम आहे, आणि ती शिवण कच्ची राहिली तर पुढच्या गरोदरपणात किंवा प्रसूतीत गर्भाशय फाटू शकते. असे क्वचितच होते, पण झाले तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतते. मूल हवे असलेल्या स्त्रीने यंत्राआधी शिवणाऱ्या हाताचा अनुभव विचारावा.

प्रतिसाद 2:
मी सुरी टाळण्यासाठी चव्वेचाळिसाव्या वर्षी एम्बोलायझेशन करून घेतले. मांडीतून नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा बंद करतात. टाका एकही नव्हता, पण त्या रात्री कळा इतक्या तीव्र होत्या की उशीचा अभ्रा दातांत धरून मी पडून होते, आणि पुढे चार दिवस ताप होता. तीन महिन्यांनी गाठीचा तुकडा पाळीच्या वाटे पडला. असे होऊ शकते हे मला कोणीच सांगितले नव्हते. नेदरलँड्समधील एका चाचणीत हा उपचार घेतलेल्या सुमारे 28 टक्के स्त्रियांचे गर्भाशय पाच वर्षांत शेवटी काढावेच लागले. तरीही माझा रक्तस्राव थांबला आहे आणि आज पुन्हा मी हाच उपचार निवडेन.

धागाकर्ती:
डॉक्टर, शिवणीचा मुद्दा मला ठाऊक नव्हता आणि तो मी मान्य करते. मोठा छेदच घ्या, असे माझे म्हणणे कधीच नव्हते. परंतु अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने पुढे तुकडे बंद थैलीतच करण्याची शिफारस केली आहे, आणि ते आमच्या कागदावर नव्हते. बहिणीने त्या रात्री विचारले, तेव्हा सर्जनांनी होकार देऊन ती ओळ तिथल्या तिथे पेनाने लिहिली. त्याला दोन मिनिटेही लागली नाहीत.