माजी सैनिकाला काम हवं की फाटकावरची खुर्ची?

वाटसरू (धागाकर्ता)

माझ्या ओळखीतल्या एकाने सैन्यात सतरा वर्षं सिग्नल्समध्ये काढली. तुटलेली केबल अंधारात, दिवा न लावता, बोटांनी चाचपत जोडायची. सोलायची, पीळ द्यायचा, टेप गुंडाळायची, आणि हे सगळं तोफा सुरू असताना. आता तो एका कंपनीच्या फाटकावर गाड्यांचे नंबर वहीत लिहितो. त्याच इमारतीतली इंटरनेटची लाइन गेली की बाहेरून तंत्रज्ञ बोलावतात. हा त्याला फाटक उघडून देतो.

'नोकरी लागली, म्हणजे पुनर्वसन झालं' हे मला पटत नाही. दर वेळी मागणी होते ती राखीव जागा वाढवण्याची. माझं म्हणणं असं की आधी त्याच्या लष्करी कामाला बाहेर चालेल असं प्रमाणपत्र द्या. ते हातात असेल तर निम्म्या लोकांना राखीव जागेची गरजच पडायची नाही.

अमेरिकेने युद्ध संपायची वाट न पाहता जून १९४४ मध्ये परतणाऱ्या सैनिकांसाठी कायदा केला, त्यालाच जी. आय. बिल म्हणतात. शिक्षण, प्रशिक्षण, घरासाठी कर्जाची हमी, आणि काम मिळेपर्यंत आठवड्याला २० डॉलर, फार तर ५२ आठवडे. ऐतखाऊंची फौज तयार होईल अशी ओरड तेव्हाही झाली होती. प्रत्यक्षात त्या भत्त्यासाठी ठेवलेल्या रकमेचा पाचवा हिस्साही संपला नाही, आणि ७८ लाख जण काही ना काही शिकले. शिकायला वाट दिली की माणूस भत्त्यावर बसून राहत नाही.

कडूनिंब

जी. आय. बिलाचं कौतुक ऐकून कान किटले. त्या कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता, पण राबवणारे होते स्थानिक अधिकारी, बँका आणि विद्यापीठं. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय सैनिकांना कर्ज मागायला गेल्यावर काय उत्तर मिळालं ते वाचा. वाट सगळ्यांसाठी होती, दरवाजे मात्र निवडून उघडले.

मालकांच्या सदिच्छेवर सोडलं की काय होतं तेही पाहा. ब्रिटनमध्ये १९१९ साली योजना निघाली: कामगारांपैकी ५ टक्के जागा अपंग माजी सैनिकांना द्या आणि पत्रावर राजाची मोहोर छापा. सक्ती नाही. हजारो मालकांनी नावं नोंदवली, तरी पदकं छातीवर लावून रस्त्यावर आगपेट्या विकणारे सैनिक होतेच. जर्मनीने १९२० मध्ये सरळ कायदाच केला, की गंभीर जखमींना कामावर घ्यावंच लागेल. प्रमाणपत्र भिंतीवर टांगता येतं हो, पण नोकरी द्यायला कोणाला तरी भाग पाडावं लागतं.

वाटसरू

सक्तीचंही ऐका मग. ब्रिटनने १९४४ मध्ये तुम्हाला हवा तसाच कायदा केला. वीस किंवा जास्त कामगार असतील तर ३ टक्के जागा नोंदणीकृत अपंगांना. शिवाय दोन कामं फक्त त्यांच्यासाठीच राखून ठेवली. कोणती असतील? लिफ्ट चालवणं आणि गाड्यांच्या तळावर लक्ष ठेवणं. म्हणजे माझं फाटकच की हे! इतक्या वर्षांत खटले झाले बोटांवर मोजण्याइतके, आणि १९९६ मध्ये कोटा गुंडाळला.

कडूनिंब

कायदा वापरला नाही हा कायद्याचा दोष नाही. बाकी, लिफ्टवाल्या मुद्द्यावर निरुत्तर.

उंबरठा

दोघांचंही बरोबर असेल, पण माणूस निवडला जातो त्या खोलीत तुमच्यापैकी कोणी बसलेलं दिसत नाही. मी बसते, भरतीच्या कामात आहे.

सैन्यातून आलेल्यांचे अर्ज वाचणं अवघड जातं. हुद्दा, तुकडी, संक्षेपांची रांग. 'तीस जणांचं रसदीचं काम पाहिलं' असं साध्या शब्दांत लिहिलं असतं तर आमच्या गोदामाच्या जागेला तो पहिला उमेदवार ठरला असता. मुलाखतीत 'तुम्ही स्वतः काय केलंत?' विचारलं की उत्तर येतं, 'आम्ही केलं.' आमच्या तक्त्यात 'आम्ही'ला गुण नाहीत.

माझीच एक चूक सांगते. एक उमेदवार आल्या आल्या खुर्ची तिरकी करून भिंतीला लावून बसला. मी बोलत असताना माझ्याकडे न बघता मान वळवून दरवाजाकडे पाहत होता. मी शेरा मारला, 'संवादकौशल्य कमी'. नंतर त्याच्याच एका सहकाऱ्याकडून कळलं की स्फोटांमुळे त्याचा डावा कान गेला होता. तो उजवा कान माझ्याकडे करत होता, एवढंच. तोवर जागा भरली होती.

सरळमार्गी

थोडं कडू बोलतो. माजी सैनिकांनाच अग्रक्रम का? युद्धात फक्त गणवेशवाल्यांचंच आयुष्य मोडतं का? १९१९ मध्ये ब्रिटनने कारखान्यांत युद्धापूर्वीच्या कामाच्या प्रथा परत आणायचा कायदा केला आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत चार वर्षं राबलेल्या बायकांना घरी पाठवलं. सैनिकाला जागा मिळाली ती अशी कोणाच्या तरी ताटातून काढून. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९४४ च्या फिलाडेल्फियातल्या शिफारशीत निदान स्त्रियांना समान संधी असं लिहिलं तरी. २०१७ मध्ये तिची जागा नव्या शिफारशीने घेतली. तिच्यात निर्वासित आहेत, विस्थापित आहेत, संकटात सापडलेले सगळेच आहेत. मला ती वाट बरी वाटते.

कडूनिंब

सरळमार्गी, तत्त्व छान आहे. पण मे २००३ मध्ये इराकचं सैन्य एका आदेशाने बरखास्त झालं. लाखो माणसं, हातात शस्त्र चालवायचं शिक्षण आणि खिशात पगार नाही. त्यातले कितीतरी पुढे बंडखोरांकडे गेले. अग्रक्रम हा उपकार समजू नका, शहाणपण समजा.

पाळीवाला

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो. मी माजी सैनिक आहे आणि फाटकावरच बसतो.

कडूनिंब, आम्हाला घाबरून नोकरी देऊ नका. तुमच्या वाक्यानंतर शेजाऱ्याने माझ्याकडे कसं बघावं?

वाटसरू, तुमचा राग कळतो, पण फाटकाची एवढी लाज कशाला? मला खुर्चीचा त्रास नाही, ठेकेदाराचा आहे. पाळी कागदावर आठ तासांची, प्रत्यक्षात बारा. साप्ताहिक सुट्टी मागितली की 'सैन्यात कुठे होती?' हे ऐकवतात. नेमणूकपत्र आजवर हातात पडलेलं नाही. आजारी पडलो तर बदली माणूस मीच शोधायचा. उद्या तुम्ही मला केबलचं प्रमाणपत्र दिलंत आणि तिथेही हाच ठेकेदार असला, तर माझं काय बदललं? पहिलं हे नीट करा. कोणत्या कामावर ठेवता ते नंतर बघू.

आणि उंबरठाताई, कानाचं लिहिलंत ते बरं केलंत. आम्ही स्वतःहून सांगत नाही, कारण सांगितलं की अर्ज बाजूला पडतो.

उंबरठा

मग विचारावं तरी कसं? अर्जात रकाना ठेवला तर लोक तो रिकामा सोडतात.

पाळीवाला

अर्जात नको. माणूस आत आला की विचारा, 'कुठे बसलात तर तुम्हाला बरं पडेल?' आम्ही खुर्ची हलवू, तुम्हाला कळेल.

वाटसरू

पाळीवाले, लाजेचं मान्य. त्या ओळखीतल्या माणसाला त्याची पाळी किती तासांची आहे, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आज विचारलं. तोही बाराच म्हणाला. प्रमाणपत्राचा मुद्दा मात्र मी सोडत नाही: ते हातात असतं तर ठेकेदाराला 'निघतो' म्हणण्याची सोय तरी असती.

पाळीवाला

हे मात्र खरं. माझ्याकडे तीन पदकं आहेत, पण 'निघतो' म्हणायला त्यांतलं एकही उपयोगी पडलं नाही.