पास्त्रामीतलं ‘पिंक सॉल्ट’ म्हणजे सैंधव नव्हे

पास्त्रामीच्या (मिठात मुरवून, मसाला लावून धुरावलेल्या बीफच्या) कृतीतलं ‘पिंक सॉल्ट’ म्हणजे आपलं सैंधवच ना, असं कुणीतरी विचारलंय. नाही! कृपया ही गल्लत करू नका. ते क्युरिंग सॉल्ट, म्हणजे मांस मुरवून टिकवायचं मीठ असतं: मिठात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट, आणि चुकून जेवणात पडू नये म्हणून मुद्दाम दिलेला गुलाबी रंग. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंना नायट्राइट रोखतं. बीफ शिजल्यावरही गुलाबी राहतं, तेही त्यामुळेच. जास्त पडलं तर विषारी, म्हणून चमच्याने नको, वजनकाट्यावर मोजा.

बाकी मसाला ओळखीचाच. जाडसर भरडलेले धणे-मिरे, लसूण, मोहरी. रुमानियाहून न्यूयॉर्कला गेलेल्या ज्यूंच्या या पदार्थात धण्यांचा वास इतका पुढे येतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.