ह्युमिक, फॉस्फोरिक ॲसिड आणि चोक झालेले ड्रीपर

ठिबकमधून ह्युमिक (जमिनीसाठी वापरलं जाणारं काळं सेंद्रिय द्रव्य) सोडल्यावर ड्रीपर, म्हणजे ठिबकच्या नळीतली थेंब सोडणारी तोंडं, चोक झाले की माल बोगस, असं काही जण म्हणतात. ते पटत नाही. पोटॅशियम ह्युमेट (बाजारात मिळणारं ह्युमिकचं विरघळणारं रूप) अल्कधर्मी पाण्यातच विरघळलेलं राहतं. त्याच टाकीत फॉस्फोरिक ॲसिड पडलं की ह्युमिक फाटतं आणि चहाच्या चोथ्यासारखा काळा गाळ खाली बसतो. कॅल्शियम नायट्रेटसोबतही गुठळ्या होतात. म्हणून ह्युमेट या दोन्हींपासून वेगळ्या दिवशी सोडा, आणि ह्युमेटनंतर १५-२० मिनिटं नुसतं पाणी चालवा. ह्युमेटसोबत दुसरं एखादं खत पहिल्यांदाच द्यायचं असेल तर आधी पारदर्शक बाटलीत त्याच प्रमाणात मिसळून अर्धा तास ठेवून बघा.

उलट हाच गाळ माल ओळखायला कामाला येतो. ग्लासभर पाण्यात चिमूटभर ह्युमेट विरघळवा, हातमोजे घालून ॲसिडचे थेंब टाकत पीएच २ च्या आसपास आणा. खरं ह्युमिक तळाशी बसतं, वर राहतो तो फुल्विकचा (ह्युमिकसोबत असणाऱ्या, आम्लातही विरघळणाऱ्या भागाचा) पिवळसर रंग. सगळं पाणी तसंच काळंभोर राहिलं तर त्यात ह्युमिक जवळपास नाही. कागद कारखान्यातलं लिग्नोसल्फोनेट असण्याची दाट शक्यता. ते आम्लातही विरघळलेलंच राहतं. फक्त फुल्विक म्हणून घेतलेल्या बाटलीला मात्र ही चाचणी लावू नका, फुल्विक कुठल्याच पीएचला फाटत नाही.