‘क्विक क्वेश्चन’ म्हणून तुम्हाला कोणी गाठलंय का? बडोदेकरांनो, अनुभव लिहा

परवा खंडेराव मार्केटात भाजी घेत होते. आमच्या सोसायटीतला एक मुलगा समोर आला. ‘काकू, क्विक क्वेश्चन!’ मी बँकेतून रिटायर झालेली, त्यामुळे प्रश्न म्युच्युअल फंडाच्या केवायसीचा. पाऊण तास उभी. क्विक होतं ते विचारणं, उत्तर नव्हे! असं इंग्रजी शब्द पुढे करून कुणी विचारलं, किंवा तुम्ही विचारलंत, तेव्हा काय झालं ते सांगा.

दांडियाबाजारकर
नोकरीच्या पहिल्या वर्षी लंडनच्या क्लायंटला मेल केला, ‘आय हॅव अ डाउट अबाउट द फिगर्स’. आपल्याकडे शाळेत बाई म्हणायच्या ना, शंका असेल तर विचारा. तेवढंच डोक्यात होतं. त्याला वाटलं आकड्यांवर माझा विश्वास नाही. दोन दिवस खुलासे, त्यात आमचे साहेबही ओढले गेले. तेव्हापासून ‘कॅन आय जस्ट चेक समथिंग?’ लिहितो. ‘जस्ट’ म्हणजे आपलं ‘जरा’. कामाचा शब्द आहे, पण एका मेलमध्ये तीनदा घातलात की माणूस चोरासारखा वाटतो.

सूरसागरकाठची
मला छळलं ते ‘आय वॉज वंडरिंग इफ’ने. विचारतोय आत्ता, मग ‘वॉज’ कशाला? सयाजी विद्यापीठात एम.ए. करताना मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, तुझी आजी काय म्हणते? आजी म्हणते, ‘एक विचारायचं होतं.’ अजून विचारलेलं नसतं, तरी ‘होतं’! भूतकाळात ढकललं की समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. शेजारच्या बेनसुद्धा ‘एक वात पूछवी हती’ म्हणतात. मी उगाच इतकी वर्षं त्या ‘वॉज’ला घाबरत होते.

मांजलपूर
साहेबांचा मेसेज: ‘गॉट अ मिनट?’ पोटात गोळा. बाकी काही नाही.

रात्रपाळी
त्याहून वाईट म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं ‘क्विक क्वेश्चन’ लिहून गप्प बसणारे. मी ‘हो, बोल’ लिहून वाट बघत बसते; प्रश्न येतो तीन तासांनी. अरे, त्याच ओळीत प्रश्न लिही की! तो खरा सभ्यपणा.

रावपुऱ्याचा नातू
आमच्या आजोबांची गंमत. दवाखान्याच्या काउंटरवर कुणी लक्ष देत नाही म्हणून मी त्यांना शिकवलं, ‘एक्स्क्यूज मी, जस्ट अ क्विक क्वेश्चन’. रिक्षात मांडवीपासून पाठ करत होते. खिडकीशी जाऊन खणखणीत म्हणाले. तिथली मुलगी निघाली मराठी. ‘बोला आजोबा.’ आजोबा खूश. तिचं गाव, आडनाव, सगळं विचारून आले. रिपोर्ट कधी मिळणार हे विचारायचं होतं, ते घरी जिना चढताना आठवलं.