मदत हवी आहे: तेराव्या दिवशीही फुफ्फुसातून हवा गळते आहे, रक्ताचा पॅच, औषधाने चिकटवणे, व्हॉल्व की शस्त्रक्रिया?

सप्रेम नमस्कार.

माझ्या वडिलांच्या (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) उपचारांबाबत येत्या दोन दिवसांत निर्णय घ्यायचा आहे. येथील डॉक्टर मंडळींनी आणि घरात असा आजार झालेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. निर्णय आमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच होणार आहे, पण त्यांना नेमके काय विचारावे हे तरी आम्हाला समजायला हवे.

अण्णांचे वय ६६, वजन ५१ किलो. सांगलीजवळच्या आमच्या गावी त्यांनी ३५ वर्षे पिठाची गिरणी चालवली. विडी २०१५ साली सुटली. १९९८ साली क्षयरोग झाला होता. तेव्हा औषधांचा पूर्ण कोर्स झाला आणि आता थुंकीत जंतू नाहीत. मात्र फुफ्फुसे कमजोर आहेत आणि गेल्या वर्षीच्या श्वासाच्या चाचणीत एफईव्ही-वन (जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) अपेक्षेच्या ३८ टक्केच आला होता. तेरा दिवसांपूर्वी पहाटे खोकल्याची उबळ आली, उजव्या बाजूला कळ उठली आणि त्यांना वाक्य पुरे करता येईना. उजवे फुफ्फुस अर्ध्याहून अधिक बसले होते. छातीत नळी टाकल्यावर दुसऱ्या दिवशी ते बरेचसे उघडले. आताच्या एक्स-रेमध्ये फक्त शेंड्याकडे हवेची बारीक पट्टी दिसते. सिटी स्कॅनमध्ये वरच्या खंडात हवेचे मोठे फुगे आहेत, म्हणजे बुला, आणि त्यांपैकी एखादा फुटला असावा असे डॉक्टर म्हणतात.

अडचण बाटलीतल्या बुडबुड्यांची आहे. छातीतल्या नळीचे दुसरे टोक पाण्याच्या बाटलीत असते आणि गळलेली हवा तेथे बुडबुड्यांनी दिसते. अण्णा पलंगावर बसून त्या बाटलीकडेच पाहत असतात. सुरुवातीला प्रत्येक श्वासाला बुडबुडे येत, आता श्वास सोडताना आणि खोकताना येतात. मधल्या एका रात्री ते अचानक वाढले आणि आमच्या तोंडचे पाणी पळाले. सिस्टरांनी नळी हाताने चाचपत नेली, तेव्हा बाटलीजवळचा जोड सैल झालेला सापडला. जोड घट्ट करून चिकटपट्टी लावताच बुडबुडे पूर्ववत झाले. म्हणून ज्यांचे रुग्ण आज याच अवस्थेत आहेत त्यांना सांगावेसे वाटते, की गळती फुफ्फुसाची आहे की जोडाची, हे आधी तपासून घ्यावे. नळी स्वतः चिमटून पाहण्याचा मोह मात्र टाळावा, कारण फुफ्फुस गळत असताना नळी बंद राहिली तर हवा छातीत कोंडून जिवावर बेतू शकते.

आमच्यापुढे ठेवलेले पर्याय मला समजले तसे लिहितो. चुकले असेल तेथे दुरुस्ती करावी.

पहिला पर्याय थांबण्याचा. सक्शन, म्हणजे नळीतून हवा ओढून घेणारे यंत्र, लावून पाहिले, पण फरक पडला नाही. बाटलीऐवजी एकाच दिशेने हवा सोडणारा हाइमलिक व्हॉल्व लावून घरी पाठवता येईल, असेही एकांनी सुचवले. परंतु गावापासून रुग्णालय दीड तासावर आहे आणि रात्री नळी निसटली तर काय करायचे, या विचाराने आईचा धीर होत नाही. शिवाय नळी जितके दिवस राहील तितकी जंतुसंसर्गाची भीती वाढते, आणि अंथरुणात पडून अण्णांच्या मांड्या आताच सुकल्या आहेत. थांबण्यात काही जोखीम नाही असे मला पूर्वी वाटे, आता वाटत नाही.

दुसरा पर्याय शस्त्रक्रियेचा. दुर्बिणीतून फुटलेला फुगा स्टेपल करून काढायचा आणि फुफ्फुस छातीच्या आतील अस्तराला चिकटेल असे करायचे. त्रास पुन्हा उद्भवू नये या दृष्टीने हाच सर्वांत खात्रीचा उपाय, हे मला मान्य आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे ५ टक्के आणि छाती उघडून केल्यास सुमारे १ टक्का रुग्णांत तो परत येतो, असे वाचले. पण शस्त्रक्रियेच्या वेळी एकाच फुफ्फुसावर श्वास चालवावा लागतो आणि भूलतज्ज्ञांनी अण्णांचे रिपोर्ट पाहून स्पष्टपणे नापसंती दर्शवली. तरुण, सडपातळ मुलाचे फुफ्फुस प्रथमच फुटले असते तर मी शस्त्रक्रियेलाच होकार दिला असता.

तिसरा पर्याय नळीतून औषध सोडून फुफ्फुस चिकटवण्याचा, म्हणजे प्ल्युरोडेसिस. त्यासाठी टाल्क (एक प्रकारची बारीक पूड) किंवा पोव्हिडोन आयोडीन (जंतुनाशक द्रावण) वापरतात. दोन्हींनी छातीत तीव्र वेदना होतात, ताप येतो, आणि फुफ्फुस अस्तराला टेकलेले नसेल तर चिकटणार तरी कशाला, हा प्रश्न उरतो. अण्णांच्या शेंड्याकडे अजून पट्टी आहे, आणि बहुधा गळती तेथेच असावी. एकदा चिकटवल्यावर पुढे त्या बाजूची शस्त्रक्रिया अवघड होते, हेही डॉक्टरांनी सांगितले.

चौथा पर्याय श्वासनळीत एकमार्गी व्हॉल्व बसवण्याचा. ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनळीत दुर्बीण घालून तपासणी, करताना श्वासनळीच्या एकेका फाट्यात फुगा फुगवून पाहतात. ज्या फाट्यात तो फुगवल्यावर बाटलीतले बुडबुडे थांबतात किंवा कमी होतात, तेथे व्हॉल्व बसवतात आणि गळती भरून आल्यावर काही आठवड्यांनी काढून घेतात. कल्पना मला फार पटली. परंतु आम्हाला सांगितलेला खर्च काही लाखांचा आहे आणि त्यासाठी पुण्याला हलवावे लागेल.

पाचवा पर्याय रक्ताच्या पॅचचा, आणि माझे मन तिकडे झुकते आहे. रुग्णाच्याच हातातून ५० ते १०० मिलिलीटर रक्त काढून, ते गोठण्याआधी लगेच नळीतून छातीत सोडतात. रक्त गोठून भोकावर बसते आणि थोडा दाह होऊन ती जागा धरते. नळी चिमटत नाहीत. ती सलाइनच्या स्टँडवरून साधारण दोन फूट उंच टांगतात, म्हणजे रक्त आत राहते आणि हवा बाहेर पडू शकते. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही, आधीच फुफ्फुसाचा आजार असलेल्या आणि शस्त्रक्रियेस योग्य नसलेल्या रुग्णांत गळती टिकून राहिल्यास रक्ताचा पॅच किंवा ब्रॉन्कोस्कोपीतून होणारे उपचार विचारात घ्यावेत, असे म्हटले आहे. यात भूल नाही, खर्च किरकोळ आहे, आणि फसले तरी व्हॉल्वचा मार्ग खुला राहतो. छातीत पू होण्याचा धोका मात्र आहे, आणि ते रक्त नळीतच गोठून ती बंद होण्याचाही.

माझे प्रश्न असे आहेत. ५१ किलो वजनाच्या आणि हिमोग्लोबिन १०.८ असलेल्या रुग्णाचे १०० मिलिलीटर रक्त काढणे योग्य ठरेल का, की ५० पासून सुरुवात करावी? एकदा गुण आला नाही तर किती दिवसांनी पुन्हा करतात आणि किती वेळा? शेंड्याकडची पट्टी राहिली असताना रक्ताचा उपयोग झाल्याचा कोणाचा अनुभव आहे का? आणि महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत व्हॉल्वचा खर्च कोणाला मिळाला असल्यास कृपया कळवावे.

भर, तीन दिवसांनंतर: प्रतिसाद देणाऱ्या सर्वांचा मी मनापासून ऋणी आहे. तुमच्यापैकी दोघांनी सुचवलेले प्रश्न लिहून नेले आणि डॉक्टरांनी बसून प्रत्येकाचे उत्तर दिले. परवा ६० मिलिलीटर रक्त सोडले. दोन तास अण्णांना कुशी बदलायला लावल्या. रात्री थोडा ताप आला, तो सकाळी उतरला. आज शांत श्वास घेताना बाटलीतले पाणी नुसते वरखाली होते, बुडबुडा येत नाही; जोरात खोकल्यावर मात्र दोनतीन येतात. डॉक्टर उद्या एक्स-रे पाहून दुसऱ्यांदा रक्त सोडायचे की चार दिवस थांबायचे हे ठरवणार आहेत. फक्त खोकल्यावर येणारी गळती आपोआप थांबल्याचा अनुभव कोणाला असल्यास, आणि तिला किती दिवस लागले हे आठवत असल्यास, आज रात्रीपर्यंत लिहावे ही विनंती.