टाइप-१ फॉन्ट बंद झाले : जुन्या मराठी फाइली नव्या इनडिझाइनमध्ये कशा वाचवायच्या?

वागळे_डीटीपी

मंडळी, अडोबीने जानेवारी २०२३ मध्ये इनडिझाइन (पानं लावायचा प्रोग्रॅम) आणि इलस्ट्रेटरमधून टाइप-१ फॉन्ट (अडोबीचाच जुना पोस्टस्क्रिप्ट प्रकार) काढले. फोटोशॉपमधून ते २०२१ च्या अखेरीसच गेले होते. ते परत येणार नाहीत हे गृहीत धरूनच विचारतोय.

युनिट वागळे इस्टेटमध्ये, मशिनं दोन. जुन्या मशिनवर विंडोज १० आणि इनडिझाइन २०२२, नव्यावर विंडोज ११ आणि चालू आवृत्ती. जुन्या फाइली ४०० च्या आसपास : पतपेढ्यांचे आणि सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, दिवाळी अंक, पत्रिकांचे नमुने. नव्या मशिनवर उघडल्या की मजकुरावर गुलाबी पट्टा येतो आणि देवनागरीच्या जागी एबीसीडीचा चिवडा दिसतो. मात्र सगळ्याच फाइलींना हे होत नाही.

फॉन्ट ओपनटाइप या आजच्या प्रकारात बदलून घ्यावेत, की सगळा मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक) न्यावा? आणि जुन्या मशिनवरची २०२२ ची आवृत्ती किती दिवस भरवशाची धरायची?

तुर्भे_प्रीप्रेस

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण घाई तिथेच आहे. २०२२ ची आवृत्ती काढू नका आणि त्या मशिनची विंडोज नव्याने टाकू नका. २०१९ पासून अडोबी फक्त चालू आणि त्याच्या मागची एक मोठी आवृत्ती उतरवून घेऊ देते. तुमची २०२२ एकदा गेली की गेली. क्रिएटिव्ह क्लाउडच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑटो-अपडेट बंद करा. हाताने अपडेट करायची वेळ आलीच तर अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ‘रिमूव्ह ओल्ड व्हर्जन्स’ची खूण काढा. ती आधीपासून लावलेली असते, आणि बहुतेकांची जुनी आवृत्ती तिथेच उडते. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे त्या मशिनवर मेल, ब्राउझर, ग्राहकांचे पेनड्राइव्ह नकोत. परवाना तपासण्यापुरतं अधूनमधून नेट द्यावं लागेल, तेवढंच द्या.

आता फॉन्ट. गुलाबी पट्टा दिसला म्हणजे फॉन्ट टाइप-१ च आहे असं नाही. मराठी डीटीपीतला विंडोजवरचा बराच साठा युनिकोड नसलेला, पण ट्रूटाइप आहे, आणि ट्रूटाइप आजही चालतं. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या डीव्ही-टीटीसुरेख, डीव्हीबी-टीटीयोगेश अशा नावांतलं ‘टीटी’ म्हणजे ट्रूटाइपच. जुन्या मशिनवर टाइप मेनूतलं फाइंड/रिप्लेस फॉन्ट उघडा, मोअर इन्फो दाबा, प्रत्येक फॉन्टचा प्रकार तिथे लिहिलेला असतो. फोल्डरमध्ये बघायचं तर पीएफबी आणि पीएफएम अशी जोडी असेल तर टाइप-१, एकटी टीटीएफ असेल तर ट्रूटाइप.

ट्रूटाइप असूनही पट्टा येत असेल तर तो नव्या मशिनवर नीट बसलेला नाही. विंडोजमध्ये साधं ‘इन्स्टॉल’ केलं की फॉन्ट फक्त त्या लॉगिनपुरता बसतो. राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ घ्या. तरीही दिसला नाही तर इनडिझाइन बंद करून अडोबीएफएनटी नावाने सुरू होणाऱ्या एलएसटी फाइली शोधून उडवा. ती फॉन्टची जुनी यादी असते, पुढच्या वेळी नवी तयार होते.

एवढ्यानेच तुमच्या ४०० पैकी बऱ्याच फाइली यादीतून कमी होतील, असा माझा अंदाज.

वागळे_डीटीपी

बघितलं. वापरातले २३ फॉन्ट, त्यात टाइप-१ फक्त ६. पण मथळे आणि पत्रिका सगळ्या त्या सहांतच आहेत. शिवाय एका सीडीवर मॅकवरून आलेले ४ फॉन्ट आहेत, विंडोजवर त्यांचा आकार ० केबी दाखवतो.

अक्षरखुंट

० केबीवाले सोडून द्या. मॅकच्या टाइप-१ मध्ये अक्षरांचा सगळा डेटा फाइलच्या रिसोर्स फोर्कमध्ये असायचा. विंडोजच्या किंवा फॅट पद्धतीच्या डिस्कवर कॉपी केलं की तो भाग गळतो आणि नुसतं नाव उरतं. मूळ सीडी मॅकच्या पद्धतीची असेल तर ती मॅकवरच वाचा, तिथे फाइल शाबूत असू शकते.

उरलेल्या ६ साठी फॉन्टफोर्ज हा फॉन्ट बदलायचा प्रोग्रॅम घ्या, मोफत आहे. सुरुवात करण्याआधी परवाना वाचा. बऱ्याच व्यापारी फॉन्टच्या करारात रूपांतराला मनाई असते, आणि विक्रेत्याकडे त्याच फॉन्टची ओपनटाइप आवृत्ती मिळाली तर हा सगळा खटाटोप वाचतो.

पीएफबी उघडताना एएफएम फाइल असेल तर त्याच फोल्डरमध्ये ठेवा, अक्षरजोड्यांमधलं अंतर तिच्यातून येतं. फॉन्ट उघडला की एन्कोडिंग मेनूकडे लक्ष द्या, सगळा घोळ तिथे होतो. जुन्या मराठी फॉन्टमध्ये ‘क’ चं चित्र इंग्रजी अक्षराच्या घरात बसवलेलं असतं. त्या चित्राचं आतलं नाव इंग्रजी अक्षराचंच असेल तर रूपांतर सरळ होतं. पण काही फॉन्टमध्ये १२८ च्या पुढच्या घरांतली चित्रं, म्हणजे जोडाक्षरं आणि रफार-अनुस्वार एकत्र असलेली चिन्हं, ‘जी१२८’ सारख्या मनमानी नावांनी ठेवलेली असतात. अशा चित्रांना युनिकोड क्रमांकच मिळत नाही. मग नव्या ओटीएफमध्ये (ओपनटाइप फाइलीत) बाराखडी ठीक दिसते आणि ‘द्ध’, ‘ष्ट्य’, ‘र्कं’ गायब होतात. उपाय असा : आधी, रीएन्कोड न करता, चित्रं कुठल्या घरात आहेत ते बघा. ती विंडोज लॅटिनच्या क्रमाने बसलेली दिसली तर फोर्स एन्कोडिंग करून विंडोज लॅटिन निवडा, म्हणजे घराच्या क्रमांकावरून युनिकोड क्रमांक लागतात. त्याआधी रीएन्कोड करू नका. रीएन्कोड चित्रं हलवतं, फोर्स लेबलं बदलतं.

जनरेट करताना ओपनटाइप सीएफएफ घ्या, ट्रूटाइप नको. टाइप-१ चे वक्र घन पद्धतीचे, एम (अक्षराचा मापाचा चौकोन) १००० एककांचा. सीएफएफमध्ये दोन्ही जसेच्या तसे राहतात. ट्रूटाइपमध्ये वक्र द्विघाती होतात आणि सुलेखनाच्या फॉन्टमध्ये गाठीच्या जागी किंचित फरक पडतो. फॉन्टला नवं नाव द्या, शेवटी ‘ओटी’ लावा. जुनंच नाव ठेवलंत तर २०२२ च्या मशिनवर एकाच नावाचे दोन फॉन्ट होतील आणि कुठला उचलला गेला ते कळणार नाही.

मग नव्या मशिनवर फाइंड/रिप्लेस फॉन्टने बदला. अक्षरांच्या रुंदी त्याच असल्याने ओळी सहसा हलत नाहीत. तरी जुनी पीडीएफ वेगळ्या लेयरवर खाली ठेवून, वरचा मजकूर रंगीत करून पानापानाने जुळवा. परिच्छेदाची शेवटची ओळ सरकली असेल तर नजरेला लगेच खुपते.

दोन सेटिंग्ज विसरू नका : कॅरेक्टर पॅनेलमधली लिगेचर्स बंद, आणि प्रेफरन्सेसमधले टायपोग्राफर्स कोट्स बंद. या फॉन्टमध्ये अवतरणचिन्हाच्या घरात एखादी मात्रा असते, इनडिझाइन ती ‘सुधारायला’ जातं आणि शब्द मोडतो.

नौपाडा_मुद्रितशोधन

खुंटदादांची कृती बरोबर आहे, पण सगळ्या ४०० फाइलींवर ती करू नका. जो अहवाल दर वर्षी नवा निघतो तो जुन्या सांकेतिक मजकुरात ठेवण्यात अर्थ नाही. त्यात शोधता येत नाही, वेबसाइटवर टाकता येत नाही आणि पीडीएफमधून कॉपी केलं की पुन्हा एबीसीडी. जो दिवाळी अंक फक्त पुनर्मुद्रणासाठी ठेवलाय, त्याला मात्र युनिकोडची गरज नाही.

जुना मजकूर युनिकोडमध्ये नेणारा रूपांतरक कुठलाही घ्या, आधी त्याची परीक्षा घ्या. जुन्या फॉन्टमध्ये हे शब्द टाइप करून त्यातून काढा : कार्यकर्त्यांनी, वऱ्हाड, सुऱ्या, स्थिती, शक्ती, ज्ञानेश्वर, शृंगार, हृदय, कर्तृत्व, ऑफिस, अ‍ॅप, उर्दू, निर्मिती. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी व्यंजनाआधी टाइप होते आणि रफार अक्षरानंतर, युनिकोडमध्ये नेमकं उलट. त्यामुळे ‘स्थिती’त वेलांटीने पूर्ण जोडाक्षर ओलांडून मागे जावं लागतं, आणि साधे रूपांतरक एकच अक्षर ओलांडतात. ‘निर्मिती’त वेलांटी आणि रफार एकाच अक्षरावर येतात, तिथे भलेभले घसरतात. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ हे तर हिंदीसाठी केलेल्या रूपांतरकांच्या गावीही नसतात, ‘सुऱ्या’ चं सरळ ‘सुर्या’ होतं. शुद्धलेखन तपासनीस ते पकडेलच असं नाही, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ दोन्ही खरे शब्द आहेत.

रूपांतरानंतर जीआरईपीने (इनडिझाइनमधली नमुन्यावरून शोधायची सोय) एक शोध घ्या : मोकळ्या जागेनंतर लगेच येणारी मात्रा किंवा पाय मोडल्याची खूण, म्हणजे ०९३ई ते ०९४डी मधलं कुठलंही चिन्ह. मराठीत शब्द मात्रेने सुरू होत नाही, त्यामुळे जे सापडेल ती चूकच. बाकीचं डोळ्यांनी वाचावं लागतं. त्यातही आकड्यांची कोष्टकं पहिली वाचा. जुन्या फॉन्टचे मराठी आकडे कधीकधी स्वल्पविरामासकट घसरतात, आणि पतपेढीच्या ताळेबंदात ते परवडत नाही.

इनडिझाइनमध्ये युनिकोड मजकुराच्या पॅराग्राफ स्टाइलमध्ये, जस्टिफिकेशनखाली, कंपोझर ‘वर्ल्ड-रेडी’ करा. साध्या कंपोझरवर जोडाक्षरं सुटी पडतात आणि वेलांटी चुकीच्या बाजूला दिसते. तिथे लोक फॉन्टला दोष देतात. भाषा ‘मराठी’ निवडायला विसरू नका. शासनाच्या २००९ च्या वर्णमालेतला पाकळीचा ल आणि देठाचा श काही फॉन्टमध्ये भाषा मराठी असेल तरच येतो, नाहीतर हिंदी वळणाचा येतो. टिरो देवनागरी मराठी हा तर मराठी वळणासाठीच वेगळा काढलेला मोफत फॉन्ट आहे.

आकाराचं गणित नव्याने मांडा. जुन्या फॉन्टची अक्षरं त्याच पॉइंटला लहान दिसत, म्हणून मजकूर १६-१८ पॉइंटला लावायची सवय पडलीय. नव्या फॉन्टचा १६ बटबटीत दिसेल. शिरोरेषेपासून ‘क’ च्या तळापर्यंतची उंची मोजून आकार ठरवा, मग पानांची संख्या बघा.

वागळे_डीटीपी

ताई, ऑपरेटरची बोटं रेमिंग्टनवर, म्हणजे टाइपरायटरच्या मांडणीवर बसलीत. युनिकोड म्हणजे इनस्क्रिप्ट ही वेगळी मांडणी शिकवायची का?

नौपाडा_मुद्रितशोधन

नाही. विंडोजचा मूळचा मराठी कीबोर्ड इनस्क्रिप्ट आहे, पण कीमन या कीबोर्डच्या प्रोग्रॅममध्ये टाइपरायटर मांडणी घालता येते. मायक्रोसॉफ्टच्या कीबोर्ड लेआउट क्रिएटरने स्वतः मांडणी बनवायच्या फंदात पडू नका. तो कळेला अक्षर देतो, पण आधी टाइप केलेली वेलांटी मागे नेऊन बसवत नाही. कीमनचे नियम ते करतात. मांडणी निवडताना ‘स्थिती’ टाइप करून बघा, तेवढ्यात कळतं.

तुर्भे_प्रीप्रेस

जुनं मशीन चालू आहे तोवर एक काम उरका, बाकी वादावादी नंतर. प्रत्येक फाइल २०२२ मध्ये उघडून पॅकेज करा (फाइल, फॉन्ट आणि चित्रं एका फोल्डरमध्ये) आणि तेव्हाच आयडीएमएल (इतर आवृत्त्यांतही उघडणारी इनडिझाइनची फाइल) व पीडीएफही काढा. पीडीएफच्या अ‍ॅडव्हान्स्ड भागात फॉन्ट सबसेटची टक्केवारी ० करा, म्हणजे वापरलेली अक्षरंच नव्हे, पूर्ण फॉन्ट आत जातो. पीडीएफ किंवा ईपीएसमध्ये आत बसलेला टाइप-१ नव्या आवृत्तीतही दिसतो आणि छापला जातो, आमच्या सीटीपीलाही (संगणकावरून थेट प्लेट काढणारं मशीन) तो चालतो. अडतं फक्त तो मजकूर दुरुस्त करायला गेलं की.

त्यामुळे पत्रिकेत नुसती तारीख बदलायची असेल तर फॉन्टच्या मागे लागू नका. जुनी पीडीएफ इनडिझाइनमध्ये चित्र म्हणून प्लेस करा, त्या ओळीवर कागदाच्या रंगाची चौकट ठेवा, वर नवी ओळ. मागे टिंट असेल तर चौकटीला तोच टिंट द्या, आणि चौकट ओव्हरप्रिंटवर नाही ना ते सेपरेशन्स प्रिव्ह्यूमध्ये बघा, नाहीतर प्लेटवर दोन्ही तारखा येतात.

मथळे आणि पत्रिकांची नावं कंट्रोल+शिफ्ट+ओने आउटलाइन करून ठेवा. बारीक मजकूर करू नका. लेझर प्रूफवर तो जाड दिसतो आणि ग्राहक तिथेच अडून बसतो. फोटोशॉपच्या फाइलीत टेक्स्ट लेयरला हात लावला नाही तर जुनं अक्षर जसं दिसतं तसंच राहतं. डबल क्लिक केलंत की गेलं.

नेरूळ_जुनाखिळा

या ४०० मध्ये पेजमेकरच्या (इनडिझाइनआधीचा पानं लावायचा प्रोग्रॅम) फाइली आहेत का? असतील तर त्या वेगळ्या काढा. पेजमेकर ७ च्या फाइली उघडणारी शेवटची इनडिझाइन म्हणजे सीएस६. ती कुणाकडे चालू असेल तर तिथे उघडून आयडीएमएल करून घ्या. नसेल तर लिबरऑफिस ड्रॉ ४.४ पासून पेजमेकरच्या फाइली उघडतं. मांडणी विस्कटते, लिंक केलेली चित्रं येत नाहीत, पण मजकूर चौकटीत मिळतो आणि तिथून रूपांतरकात टाकता येतो. फ्लॉपीवरून आलेल्या फाइलींची आधी कॉपी करा आणि कॉपीच उघडा.

वागळे_डीटीपी

पेजमेकरच्या ३१ आहेत. आधी पॅकेज, आयडीएमएल, पीडीएफ, मग हे. अहवाल युनिकोडमध्ये, अंक ओटीएफवर. ‘निर्मिती’वर दोन रूपांतरक आत्ताच नापास झाले.

नौपाडा_मुद्रितशोधन

तिसऱ्याला ‘वर्षातून’ आणि ‘मूर्तींची’ पण द्या.